तांबोळींचा फळा

"तांबोळींकडे थांबायचं कशाला? फळा वाचायचा नि पुढं जायचं."

माझ्यापुढे उभ्या असलेल्या दोन बायकांपैकी एकीनं हे दुसरीला सांगितलं. आवाज खाली करून सांगितलं, पण कसब्यातल्या आमच्या बोळात खाली केलेला आवाजसुद्धा समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. तांबोळी काका आत शेंगदाणे निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "वाचा की वहिनी. वाचनाला अजून जीएसटी लागलेला नाही."

दोघी हसल्या, आणि हसत हसत मोठ्या रस्त्याकडे निघून गेल्या. दोघींच्या हातात रिकाम्या कापडी पिशव्या होत्या. काकांनी एक खवट दाणा उचलून बाजूला टाकला आणि मला विचारलं, "बोला कॉन्व्हेंट. काय हवंय, आणि कशासाठी?"

मला हिंग हवा होता. तोवर आमच्या घरी साखर, तेल आणि डाळ मोठ्या रस्त्यावरच्या सुपरमार्केटमधून येऊ लागली होती. काकांकडून फक्त हिंग, गूळ आणि सुटी मोहरी. हे त्यांना माहीत होतं. ते माहीत असल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही, आणि त्यामुळेच मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

तो फळा आमच्या गॅलरीतून दिसायचा. दुकानाच्या उजव्या अंगाला, भिंतीत चार खिळे मारून बसवलेला शाळेतला काळा फळा. सकाळी आठला काका स्टुलावर चढून तो ओल्या फडक्यानं पुसत, वाळेपर्यंत चहा घेत, आणि मग खडूनं दिवसाचे भाव लिहीत. डावीकडे माल, उजवीकडे भाव. हे बाकीचेही करतात. काकांचं वेगळेपण असं, की भाव बदलला असेल तर ते त्याखाली बारीक अक्षरात कारण लिहीत. 'तूरडाळ वाढली. मी नाही वाढवली.' 'शेंगदाणा उतरला. मागच्या आठवड्यात घेतला असेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.' 'साबुदाणा तोच भाव. उद्या चतुर्थी आहे म्हणून वाढवलेला नाही.' एका गणपतीत खोबरं फार चढलं होतं, तेव्हा लिहिलं होतं, 'मोदकांचा आकार आपापल्या जबाबदारीवर ठरवावा.'

लोक याला पुणेरी विनोद म्हणत. मला वाटतं, त्यात विनोद कमी होता. कारण न सांगता माणसाकडून जास्त पैसे घेणं त्यांना खरोखरच असभ्यपणाचं वाटायचं, दार न वाजवता कुणाच्या घरात शिरण्यासारखं.

ते सडपातळ होते, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालत, आणि उजव्या अंगठ्याला कायम खडू लागलेला असे. घरात, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, काकूंशी ते हिंदी-उर्दू मिसळून बोलत. गल्ल्यावर बसले की स्वच्छ मराठी. आमच्या घरातल्या कुणापेक्षाही स्वच्छ.

माझं मराठी त्यांच्यामुळे आहे. मी नऊ वर्षांची असताना आईनं पहिल्यांदा मला एकटीला यादी घेऊन पाठवलं. यादी मीच लिहिली होती, शाळेत शिकवलेल्या वळणदार इंग्रजीत. काकांनी ती उलटसुलट करून बघितली, नीट घडी घातली आणि मला परत दिली.

"ह्यातलं सगळं संपलं," ते म्हणाले.

मी मागच्या पोत्यांकडे बघितलं.

"ते मराठीतलं आहे. ते शिल्लक आहे."

मी रडत घरी गेले. आईला ते फार आवडलं. तिनं मला बसवून यादी मराठीत लिहायला लावली. काकांनी दुसरी यादी वाचली, कानामागची लाल-निळी पेन्सिल काढली, दोन शब्द दुरुस्त केले आणि माल दिला. तेव्हापासून मी कॉन्व्हेंट. बारावीपर्यंत दर महिन्याची यादी मीच लिहीत होते. शेवटच्या वर्षी एकही लाल खूण आली नाही, तेव्हा पुडीबरोबर खडीसाखरेचा एक खडा मिळाला. मी बोलायला तेव्हाही घाबरत होते, पण लिहायला घाबरत नव्हते.

बोलायला घाबरायचं कारणही काकाच होते, म्हणजे त्यांचा तो प्रश्न. रवा मागितला की कशासाठी? शिऱ्याला की लाडवाला? पोहे मागितले की कशासाठी? एकदा एक नवीन राहायला आलेले गृहस्थ चिडले. "अहो, रवा कशासाठी असतो? खायला!"

"मग कुठलाही न्या," काका म्हणाले. "तुमची काही अट नाही."

पण उत्तर दिलं, तर ते तुमच्यासाठी वस्तू बदलत. महागडा तांदूळ परत पोत्यात ओतून स्वस्तातला देत. "भाताच्या खिचडीला आंबेमोहोर कशाला? पैसे जास्त झालेत का?" कुणाच्या घरी जुना तांदूळ चालतो, कुणाला नवा लागतो, कुणाच्या सासऱ्यांना दात नाहीत म्हणून पोहे पातळ, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं.

एका संक्रांतीला गर्दीत ते एका नव्या सुनेला विचारायचं विसरले. तिला गूळ हवा होता, त्यांनी साधा गूळ दिला. ती गेल्यावर अर्ध्या तासानं त्यांच्या लक्षात आलं, की तिनं तीळही नेले आहेत. म्हणजे वड्या. म्हणजे चिक्कीचा गूळ. काकूंना गल्ल्यावर बसवून ते चिक्कीच्या गुळाची पुडी घेऊन निघाले. घर नक्की माहीत नव्हतं, तीन जिने चढले. ती मुलगी पाक हलवत होती आणि पाक जमत नव्हता. काकांनी दारातून पुडी दिली, साधा गूळ परत घेतला आणि म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. माझं विचारायचं राहिलं."

मोठ्या रस्त्यावरचं जुनं मंगल कार्यालय पाडून तिथं सुपरमार्केट उघडलं, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पहिल्या आठवड्यात काकांनी फळ्यावर लिहिलं, 'शेजारी नवीन दुकान उघडले आहे. थंड हवा मोफत. लाभ घ्यावा.' बोळ हसला आणि लाभ घ्यायला गेला.

वर्षभरानं मला नोकरी लागली, त्याच सुपरमार्केट-साखळीच्या खराडीतल्या मुख्य ऑफिसात. मी दर ठरवणाऱ्या विभागात होते. काकांनी विचारलं, "कशाचं काम?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर, डेटाचं." "कुणाचा डेटा?" मी हसून वेळ मारून नेली. आईला आणि बाबांना कंपनीचं नाव माहीत होतं, बाकी कुणाला मी सांगितलं नाही.

काम सोपं होतं. प्रत्येक शाखेच्या आसपासच्या दुकानांचे भाव सकाळी एक माणूस फिरून टिपायचा आणि पाठवायचा. साखर, तेल, तूरडाळ अशा दहा-बारा वस्तू, ज्यांचे भाव लोकांच्या तोंडी असतात. त्या वस्तू आसपासच्या सगळ्यात स्वस्त दुकानापेक्षाही खाली ठेवायच्या, तोटा झाला तरी. तो तोटा शाम्पू आणि बिस्किटांतून भरून निघायचा. आसपास कुणी उरलं नाही, की मग भाव वर न्यायचा. हे असं कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. तक्त्यात फक्त एक रकाना होता, 'स्थानिक दर', आणि तो रिकामा झाला की पुढच्या रकान्यातला आकडा आपोआप वाढायचा. मी तो मंजूर करायचा.

बाकी दुकानांचे भाव त्या माणसाला विचारून, अंदाजानं लिहावे लागत. कसब्याच्या शाखेसाठी मात्र तो रोज एक फोटो पाठवायचा. पहिल्या दिवशी तो माझ्या स्क्रीनवर उघडला. काळा फळा, ओल्या फडक्याचे पट्टे, आणि ते अक्षर, ज्यानं मला 'साबुदाणा' लिहायला शिकवलं. शेजारी बसणारी मुलगी वाकून बघत म्हणाली, "किती क्यूट! रीझनसुद्धा लिहितात?"

मी म्हटलं, "हो ना."

साखर चव्वेचाळीस, असं काकांनी लिहिलं होतं. मी आमच्या शाखेसाठी अडतीसचा आकडा मंजूर केला.

मी ऑफिसात कागदावर सही केलेली होती, बाहेर काही बोलायचं नाही अशी. पण सही नसती तर बोलले असते, असंही मला म्हणता येत नाही. रोज संध्याकाळी मी त्या फळ्यावरून घरी जायचे. एक वाक्य पुरलं असतं. काका, भाव आत लिहा, बाहेर नको.

मग देसायांचा प्रसंग झाला. देसाई म्हणजे आमच्याच इमारतीतले निवृत्त हेडक्लार्क, काकांचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक आणि तितकीच वर्षं शाब्दिक चकमकीतले जोडीदार. ते सुपरमार्केटची पिशवी घेऊन मुद्दाम दुकानासमोर थांबले.

"तांबोळी, अडतीस! म्हणजे इतकी वर्षं साखरेत चांगलेच कमावलेत की हो. बंगला कुठं बांधलात?"

देसायांना उत्तराची अपेक्षा होती. आजूबाजूचे दोन-तीन जणही थांबले होते. काका तागडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला बेचाळीसला पडते."

"असं सगळेच म्हणतात," देसाई म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्यात दुष्टावा नव्हता, बोलायची सवय होती. पण काकांना उत्तर सुचलं नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

पुढच्या रविवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. "कॉन्व्हेंट, जरा माझ्याबरोबर चल. तिथं सगळ्या पाट्या इंग्रजीत आहेत म्हणे. तू वाच."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुपरमार्केटमध्ये शिरल्यावर हात मागे बांधून ते चालत राहिले, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा गेल्यासारखे. एका कप्प्यापाशी थांबून तांदळाचं बंद पाकीट नाकाशी नेलं आणि ठेवून दिलं. साखरेपाशी बराच वेळ उभे राहिले. 'एका ग्राहकाला दोनच पाकिटे' अशी चिठ्ठी होती. त्यांनी पाकीट उलटं केलं, मागचा मजकूर माझ्याकडून वाचून घेतला.

"कारखाना तोच आहे," ते म्हणाले. "माझं पोतंही तिथूनच येतं."

मी पाकीट परत कप्प्यात ठेवलं.

"हे बघ. ह्यांना जर एवढ्याला परवडत असेल, तर माझा घाऊकवाला मला फसवतोय, आणि मी तीस वर्षं लोकांना. आणि परवडत नसेल, तर हे मुद्दाम करतायत. दोन्हींपैकी काय ते कळलं पाहिजे. दुकानाचं नंतर बघू." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिकलेली माणसं. ह्यांना कितीला पडत असेल?"

एक्केचाळीस. आकडा मला पाठ होता.

"मला नाही माहीत, काका," मी म्हटलं.

त्यांनी दोन पाकिटं घेतली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मोबाइल नंबर?"

"कशासाठी?"

"सिस्टिमला लागतो."

"सिस्टिमला सांगा, तांबोळी येऊन गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर आलं, 'साखर. मला पडते ४२. मी विकतो ४४. मोठ्या रस्त्यावर मिळते ३८. तिकडून घ्यावी. त्यांना कितीला पडते हे कुणास कळल्यास मला सांगावे.'

बोळात गर्दी झाली. लोकांनी फोटो काढले. संध्याकाळपर्यंत तो फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नागपूरहून फिरून आला. खाली हसणारे चेहरे, सलाम, 'असा प्रामाणिकपणा आता राहिला नाही'. काकूंना शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. काका त्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर बसले होते. त्यांना वाटलं होतं, खरं काय ते एकदा लिहून टाकलं की माणसं थांबतील. माणसं थांबली, फोटो काढण्यापुरती. पुढे महिनाभर लोक कौतुकानं दुकानाकडे बघत, मान डोलावत आणि फळ्यानं सांगितल्याप्रमाणे साखर तिकडून घेत.

त्याच दिवशी सकाळी तो फोटो माझ्या स्क्रीनवरही आला होता. काकांनी स्वतःचा खरेदीचा भाव लिहून दिलेला. आमच्या साहेबांना हसू आवरेना. "इतकं मनमोकळं कुणी असतं का? आता तूरडाळ बघ." काकांनी आठवडाभरात तूरडाळीचंही तसंच लिहिलं. तेलाचंही. मी एकेक आकडा भरत गेले.

दुकानातली पोती एकेक करून कमी झाली. आधी तांदळाच्या सहा जाती होत्या, मग तीन, मग एक. कशासाठी हे विचारण्यात अर्थ उरला नाही, कारण द्यायला दुसरं काही नसायचं. तरी ते विचारत. मग एक दिवस मी मोहरी मागितली आणि त्यांनी नुसती मोहरी दिली. मी पैसे देऊन तिथंच उभी राहिले. त्यांच्या लक्षात आलं नाही.

"हिंग-मोहरीवर कुणाचं दुकान चालतं का गं?" असं ते एकदाच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता.

पावसाळ्यानंतर एका सोमवारी फळ्यावर एकच ओळ होती. 'दुकान उद्यापासून बंद.' त्याखाली, जिथं नेहमी बारीक अक्षरात कारण असायचं, तिथं काही नव्हतं. मी गॅलरीतून बघत होते. वाटलं, ते चहा घेऊन परत स्टुलावर चढतील. ते चढले नाहीत. लोकांनी त्याचाही फोटो काढला. साडेदहाला तो माझ्याकडे आला, खाली भाव टिपणाऱ्या माणसाचा मजकूर होता, 'उद्यापासून दर मिळणार नाही'. त्या भागातली बाकीची दुकानं आधीच गेली होती. रकाना रिकामा झाला, पुढचा आकडा वाढला. साखर सत्तेचाळीस. मी मंजूर केलं आणि डबा उघडून जेवले.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. फळा तिथल्या नव्या दुकानदारानं उलटा करून आत फळी म्हणून लावला आहे. काका-काकू मागच्या खोल्यांतच राहतात, पण त्यांचं दार पलीकडच्या बोळात उघडतं, त्यामुळे महिनोन् महिने भेट झाली नाही. मी ती टाळली असंही म्हणता येईल.

परवा आईनं शाम्पू आणायला सांगितला म्हणून मी सुपरमार्केटमध्ये गेले. साखरेच्या कप्प्यासमोर पांढरा शर्ट दिसला. मी परत फिरणार होते.

काका वाकून भावाची चिठ्ठी वाचत होते. 'दोनच पाकिटे' ही सूचना आता नव्हती. त्यांनी चिठ्ठी अंगठ्यानं उचलून तिच्या मागं बघितलं. अंगठा स्वच्छ होता, खडू नव्हता.

"काय हवंय, काका?" गणवेशातल्या मुलीनं विचारलं.

"कारण."

"काय?"

"अडतीस होती. सत्तेचाळीस झाली. बाजारात साखर वाढलेली नाही, मी पेपर वाचतो. खाली कारण लिहिलेलं नाही."

"भाव सिस्टिमवरून येतात, काका. आम्हाला नाही माहीत."

"सिस्टिम बसते कुठं?"

ती हसली आणि पुढच्या कप्प्याकडे गेली. काका वळले, तेव्हा मी त्यांना दिसले. त्यांना आनंद झाला. तो खरा होता, आणि तोच मला सोसवला नाही.

"अरे, कॉन्व्हेंट! बरं झालं. मला काही इंग्रजी येत नाही. बघ जरा, कुठं बारीक अक्षरात लिहिलंय का."

मी चिठ्ठी हातात घेतली. त्यावर बारकोड होता, वजन होतं, आकडा होता. ते थांबले होते, मान थोडी पुढे करून, मी यादी द्यायचे तेव्हा थांबायचे तसेच.

"काका," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, गणवेशातली मुलगी वळून बघायला लागली. "त्यांना एक्केचाळीसला पडत होती. तुम्ही कुणालाही फसवलं नाही. तुमचं दुकान बंद झालं, म्हणून वाढली. मी वाढवली."